मातीच्या आधीचा दिवस

मराठवाड्यात अंत्यविधीला जायचं असलं की लोक ‘मातीला जायचंय’ एवढंच म्हणतात. कुणाची, कुठं आणि किती वाजता, एवढं विचारलं की माणूस हातातलं काम टाकून निघतो. ज्या घरात मरण झालंय तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही. भावकीतून नाहीतर शेजारून पिठलं-भाकरी येते, आणि घरच्यांच्या ‘नको’ला न जुमानता कुणीतरी वडीलधारी बाई पहिला घास त्यांच्या तोंडात घालते. तिसऱ्या दिवशी सावडायला कोण येणार, दहाव्याला प्रवचनाला कोणते महाराज बोलवायचे, तेराव्याला कुणाकुणाला सांगायचं, याचं बोलणं ओसरीवर आपोआप सुरू होतं. लिंगायत घरात जंगम येतात, मुस्लिम घरात मौलवीसाहेब आणि जमातीतली माणसं उभी राहतात, बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो. दुःखाला कामाला लावायची ही रीत जुनी आहे आणि शहाणी आहे. ज्याचं माणूस गेलं त्याला काय करावं ते सुचत नसतं, आणि रीत त्याच्यावर सुचण्याची वेळच येऊ देत नाही. पण या सगळ्या रितीला एक अट आहे, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. प्रेत घरी आलेलं असलं पाहिजे. ते दारात आलं की रीत जागी होते. ते येईपर्यंत ती वाट बघत बसते. ज्या मरणांत प्रेत लवकर घरी येतच नाही, त्यांत मरण आणि माती यांच्यामध्ये एक अख्खा दिवस, कधी एक दिवस आणि एक रात्र मोकळी पडते. या मधल्या दिवसाला आपल्याकडे माणूस नाही. तो असायला हवा, आणि बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीसारख्या गावातल्या स्वयंसेवकालाही ते काम करता येतं, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

म्हातारपणानं घरात आलेलं मरण आणि अकस्मात आलेलं मरण यांत कायदा मोठा फरक करतो. अपघात, आत्महत्या, सर्पदंश, विहिरीत बुडणं, मोटारीच्या वायरचा धक्का, उघड्या रानात अंगावर वीज पडणं, यांतलं काहीही झालं की पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, मरणोत्तर पंचनामा होतो, आणि सहसा शवविच्छेदन झाल्याशिवाय प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात मिळत नाही. १ जुलै २०२४ च्या आधी हे सगळं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्याला त्यानं काही फरक पडलेला नाही. अभ्यासक धर्मापुरीला ओळखतात ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे; इथल्या माणसाला मोठं दुखणं आलं की त्याला आठवतो तो अंबाजोगाईचा रस्ता. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हा या पट्ट्याचा शेवटचा भरवसा आहे, आणि तो भरवसा कामी आला नाही तर शवविच्छेदनाची वाटही बहुतेक तिथंच बघावी लागते. सूर्य मावळल्यावर चिरफाड होत नाही, ही जुनी समजूत लोकांच्या मनात पक्की आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जिथं सोय असेल तिथं रात्रीही शवविच्छेदन करायला मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं तिच्यातून वगळली. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद. वगळण्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, पुरावा दिवसाउजेडी बघितलेला बरा. परिणाम मात्र असा, की संध्याकाळी विष पोटात गेलेला शेतकरी रात्री नऊला गेला, तर त्याच्या बायकोला ती सबंध रात्र रुग्णालयाच्या आवारात काढावी लागते. आणि ही मरणं तुरळक नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. त्याच वर्षी राज्यात रस्त्यांवरच्या अपघातांत १५ हजारांवर माणसं गेली. या प्रत्येक आकड्यामागे असा एक मधला दिवस आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

त्या दिवशी तिथं माणसं नसतात असं नाही. १०८ ची गाडी येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य ठरलं. गाडी चालवणाऱ्याला तिथं पायलट म्हणतात. अपघात विभागात डॉक्टर असतात, पोलीस हवालदार असतो, शवागारात काम करणारा कामगार असतो, गावाहून आलेले पोलीस पाटील असतात. पण यांतल्या प्रत्येकाला नेमून दिलेलं एक काम आहे, आणि ते काम मेलेल्याशी नाहीतर कागदाशी बांधलेलं आहे. भिंतीला टेकून बसलेल्या बाईशी बांधलेलं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. इंग्रजी मुलुखांत अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिकांबरोबर चॅप्लिन नावाचा माणूस असतो, पुष्कळदा विनावेतन. तो मूळचा पाद्री, पण आता तो कुठल्याही धर्माचा असतो, काही ठिकाणी कुठल्याच धर्माचा नसतो. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे चॅप्लिन फादर मायकल जज ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळ्या मनोऱ्यांच्या घटनास्थळी मरण पावले, आणि त्या दिवसाच्या मृतांच्या नोंदीत त्यांचा क्रमांक पहिला आहे. हे आपल्याला अगदी परकं वाटायचं कारण नाही. भारतीय लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री हे धर्मगुरू म्हणून रीतसर हुद्द्यावर असतात, आणि कित्येक छावण्यांत सर्वधर्म स्थळ असतं. सैनिकाच्या घरच्यांना धीर द्यायला माणूस लागतो, हे सरकारला कळतं. अंबाजोगाईच्या आवारात रात्र काढणाऱ्या माणसालाही तो लागतो, हे अजून कळायचं आहे. आपल्या भाषेत या कामाला नाव नाही. मी त्याला ‘सोबत’ म्हणतो. रात्री रानात पाणी द्यायला जाताना माणूस सोबत मागतो, तीच ही सोबत.

या सोबतीत दिवसभर नेमकं करायचं काय, असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर लोकांना जरा निराश करतं. मोठं असं काही नाही. पहाटे अंगणात गाडी थांबल्यापासून दुपारी प्रेत ताब्यात मिळेपर्यंत नातेवाइकांसमोर अनोळखी शब्दांची एक रांग येते, आणि सोबत करणाऱ्याचं अर्धं काम त्या शब्दांना माणसाच्या बोलीत आणण्याचं असतं. हवालदार ‘जबाब’ घ्यायचाय म्हणतो, तेव्हा घरच्यांना वाटतं आपल्यावर आळ आला. तो आळ नसतो, कधी दिसला, काय बोलला, कुठल्या दवाखान्यात नेला, एवढंच लिहून घ्यायचं असतं. विष घेतलेला माणूस वाचला, तर आता त्याच्यावर केस होणार या भीतीनं घरचे खरं सांगत नाहीत, आणि त्यानं काय घेतलंय तेच डॉक्टरांना कळत नाही. त्यांना तिथल्या तिथं सांगावं लागतं, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार करायचे असतात. सगळ्यांत घोटाळा होतो तो एका वाक्यानं. डॉक्टर सांगतात, ‘व्हिसेरा राखून ठेवलाय.’ घरच्यांना एवढंच कळतं की आपल्या माणसाचं काहीतरी काढून घेतलं आणि मरणाचं कारण दडवलं. तिथून भांडण पेटायला दोन मिनिटं पुरतात. प्रयोगशाळेत तपासणीसाठी पोटातल्या अवयवांचा थोडा भाग पाठवावा लागतो, अहवाल यायला वेळ लागतो, तोवर कारणाच्या रकान्यात ‘राखीव’ लिहितात, एवढं कुणी शांतपणे, दोनदा, घरातल्या कर्त्या माणसाला आणि मग वेगळं त्या बाईला सांगितलं, तर ते भांडण होत नाही. उरलेलं अर्धं काम याहून साधं. मोबाइलला चार्जर मिळवून द्यायचा, कारण सगळी भावकी एकाच मोबाइलवर फोन करत असते. लहान मुलं बरोबर असली तर त्यांना चहा-बिस्कीट आणि आवाराच्या बाहेर नेणारं कुणीतरी बघायचं. कुणी पोरगं मोबाइलवर प्रेताचं चित्रीकरण करायला लागलं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. आणि शेवटी एक कापडी नाहीतर प्लास्टिकची पिशवी येते, तिच्यात घड्याळ, करगोटा, खिशातली कागदपत्रं, कधी बी-बियाणाच्या दुकानाची पावती. ती पिशवी पोलिसाच्या हातातून बापाच्या हातात जाताना मध्ये कुणीतरी थांबावं लागतं. ती उघडायची की घरी नेऊन उघडायची, हे त्याला विचारावं लागतं. कुणी विचारलं नाही तर तो तिथंच, पायरीवर, सगळ्यांदेखत उघडतो.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून गेली असेल, तर हा दिवस आणखी लांबतो. कायद्यानं अशा मृत्यूची चौकशी पोलिसांवर सोडलेली नाही. पंचनाम्याला तहसीलदार किंवा नायब तहसीलदार यावा लागतो, आणि त्याच्या येण्याची वेळ त्याच्या त्या दिवशीच्या बैठकांवर ठरते. तोवर रुग्णालयाच्या आवारात माहेर एका झाडाखाली आणि सासर दुसऱ्या झाडाखाली बसतं. मधे दहा पावलांचं अंतर, आणि दोन्हीकडच्या माणसांची संख्या तासागणिक वाढत जाते. कायद्याची तरतूद योग्यच आहे. हुंडाबळींचा इतिहास बघितला तर ती ढिली करा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण तरतूद करणाऱ्यांनी त्या दहा पावलांचा विचार केलेला नाही. इथं सोबत करणाऱ्याला न्याय करायचा नसतो आणि समेट तर मुळीच घडवायचा नसतो. दोन्हीकडे पाणी पोचवायचं आणि दोन्हीकडे तीच माहिती, त्याच शब्दांत सांगायची, एवढंच. ‘तहसीलदारसाहेब निघालेत’ हे वाक्य एका झाडाखाली आधी पोचलं आणि दुसरीकडे अर्ध्या तासानं, तर दुसऱ्या बाजूला वाटतं की आतून काहीतरी ठरलंय. अंबाजोगाईला पीडित बायकांसाठी काम उभं करायची परंपरा आहे. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली तिथं ‘मानवलोक’ ही संस्था सुरू केली आणि शैला लोहिया यांच्या पुढाकारानं ‘मनस्विनी’चं काम वाढलं. तिथं बाई जिवंत असताना तिचं ऐकून घ्यायची सोय झाली. ती गेल्यावर तिच्या आईचं त्या झाडाखाली कोण ऐकतं, हा त्याच कामाचा पुढचा प्रश्न आहे.

आता आक्षेपांकडे येतो, आणि पहिला आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो. तो असा, की ही शहरी, एकट्या माणसांच्या देशातली गरज आहे. इथं भावकी आहे, शेजार आहे, एका फोनवर दोन जीप भरून माणसं येतात, मग बाहेरचा कशाला? माणसं येतात हे खरं. पण त्या आवारात कोण काय करत असतं ते नीट बघावं. पुरुष कागदांमागे धावत असतात, ओळखीचा माणूस शोधत असतात, ‘लवकर होईल का’ म्हणून कुणा पुढाऱ्याला फोन लावत असतात. बायका सोबत असल्या तर रडत असतात, आणि रडणाऱ्याला रडणाऱ्याची सोबत होते, पण त्यातून ‘आता आत काय चाललंय’ हे कळत नाही. शिवाय भावकीला स्वतःचंही दुःख असतं आणि स्वतःचा हिशेबही असतो. जमिनीचा वाद, उसनवारी, जुना अबोला, आत्महत्येच्या घरात तर ‘तू बघितलं नाहीस का’ हा उघडा नाहीतर झाकलेला सवाल. ज्याच्याशी उद्या बांधावर गाठ पडायची आहे त्याच्यापुढे माणूस मनातलं बोलत नाही. अनोळखी माणसाचा इथं एक फायदा असतो: त्याला आधी काही माहीत नसतं आणि नंतर कुठं सांगायचं नसतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या बाबतीत तर भावकीचा मुद्दा उरतच नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं कोयत्याच्या हिशेबानं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आगाऊ उचल त्या जोडीला मिळते. फडात नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली नवरा गेला, तर शवविच्छेदन तिकडं होतं, मुकादम गाडी ठरवून देतो, आणि ती बाई रात्रभराच्या प्रवासात प्रेताशेजारी बसून गावाकडे येते. भावकी गावात वाट बघत असते. गाडीत ती आणि चालक. सोबत करणाऱ्याची सर्वांत मोठी जागा मला इथं दिसते, आणि ती फोनवरही करता येते. दर तासाला कुठं पोचलात एवढं विचारणारा आवाज असला तरी रात्र कमी लांब होते.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. ते म्हणतात, हे मानसोपचाराचं काम आहे, त्यात हौशी माणसानं हात घालू नये, भलतंच काही व्हायचं. या आक्षेपात अर्धं सत्य आहे आणि ते महत्त्वाचं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात एक पद्धत आली होती, आघातानंतर लगेच माणसांना एकत्र बसवायचं आणि जे घडलं ते सविस्तर बोलायला लावायचं. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं की एकाच बैठकीत असं उकरून काढण्यानं पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. म्हणून ‘बोल, बोल म्हणजे मोकळं वाटेल’ हा आपल्याकडचा भाबडा आग्रह सोबत करणाऱ्यानं पहिल्या दिवशी विसरायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचारांवर जी पुस्तिका काढली, तिच्यात म्हणूनच तीनच गोष्टी आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. आणि त्या कुणालाही शिकता येतात, असं तीच सांगते. हौशी आणि अशिक्षित यांत फरक आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्याबद्दल बोलायला, ओळखायला आणि पुढं पाठवायला तयार केलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षानं ते प्रमाण सत्तावीसपर्यंत गेलं. तिकडं तज्ज्ञ कमी होते म्हणून हे केलं गेलं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि इकडं कुठं जास्त आहेत? राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, १४४१६ वर टेलिमानस या समुपदेशन सेवेचा आवाज आहे, आणि ज्याला जगणं नकोसं झालंय त्यानं तो क्रमांक लावावाच. पण शवागाराबाहेरचा माणूस स्वतःहून फोन लावत नाही. तो आजारीही नसतो. त्याचं माणूस गेलेलं असतं, आणि त्याला पुढचे सहा तास कसे काढायचे ते हवं असतं.

तिसरा आक्षेप धर्माचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. एक म्हणतो, सरकारी रुग्णालयात धर्म आणू नका. दुसरा म्हणतो, धर्म नसेल तर तुमच्या या माणसाकडे आहेच काय? मला पहिल्याचं भय जास्त रास्त वाटतं. त्या अवस्थेतला माणूस इतका उघडा असतो, की त्याला कुणी काहीही पाजू शकेल: माळ, गंडा, प्रायश्चित्त, नवा पंथ. म्हणून सोबत करणाऱ्यानं स्वतःच्या देवाचं नाव आपणहून काढायचं नाही, हा नियम लोखंडी असावा. पण समोरच्यानं विचारलं, की ‘असं मेलेल्याला गती मिळते का हो?’, तर ‘मी धर्मावर बोलत नाही’ असं उत्तर देणं मला क्रूर वाटतं. तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो. आत्महत्या केलेल्याचं दहावं-तेरावं नीट होईल ना, भावकी येईल ना, महाराज प्रवचनाला नाही म्हणतील का, ही त्यामागची काळजी असते, आणि तिला उत्तर आहे. वारकरी परंपरेतले कितीतरी कीर्तनकार अशा घरी जातात. मौलवीसाहेबांना, भंतेजींना, जंगमांना आधी कल्पना दिली तर तेही घरच्यांना सांभाळून घेतात. कुणाच्या घरी कोण चालतं आणि कोण कुठल्या घरी जायला कुरकुरतं, ही माहिती सोबत करणाऱ्याच्या वहीत हवी. जातीचं काय, हा याच आक्षेपाचा न बोललेला भाग. गावात कुणाच्या हातचं पाणी कोण पितं हे कुणी उघड विचारत नाही, तरी ठरलेलं असतं. रुग्णालयाच्या आवारात मात्र ते ठरलेलं बरंच ढिलं पडतं. प्रेताला हात लावणारा, ते धुणारा, शिवणारा कामगार बहुतेक वेळा त्याच समाजातला असतो ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, आणि त्या दिवशी सगळ्यांना त्याचीच मनधरणी करावी लागते. स्वयंसेवकांत त्याच वस्त्यांतली, सगळ्या वस्त्यांतली माणसं असली, तरच ही सोबत दुसऱ्या एका पंगतीसारखी होणार नाही.

जाता जाता, शवागारातल्या त्या कामगाराबद्दल आणि त्याच्यासारख्यांबद्दल. परदेशातले चॅप्लिन आपला बराचसा वेळ नातेवाइकांपेक्षा अग्निशमनाच्या जवानांबरोबर आणि रुग्णवाहिकेच्या माणसांबरोबर घालवतात, आणि यात आपण त्यांच्याकडून शिकावं. १०८ चा पायलट एका अपघातातून गाडी धुऊन निघतो तो दुसऱ्या हाकेला. गाडीतला तरुण डॉक्टर लहान मूल हातातून गेल्यावर पुढचा अर्ज भरतो. शवागारातला माणूस काम झाल्यावर कुणाशी काय बोलतो, हे विचारलंच जात नाही. त्याच्या पिण्याबद्दल मात्र सगळे बोलतात. त्यांच्याशी बसून चहा घेणं हेही या कामात मोडतं. दुसरा फायदा व्यवहाराचा: ज्यांना रोज तिथं उभं राहायचंय त्यांनी ओळखलं नाही, तर स्वयंसेवक दाराबाहेरच राहील.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तो असा, की असा माणूस उभा केला की चार महिन्यांत तो कुणा पुढाऱ्याचा होईल, नाहीतर दलाल होईल. अपघाताच्या आवारात आधीच विम्याच्या दाव्याची ‘व्यवस्था’ करून देणारे घुटमळत असतात, आणि दुःखाच्या जागी फोटो काढून घेणारे पुढारीही कमी नाहीत. परळी-अंबाजोगाईच्या राजकारणात कुठलीही निरपेक्ष गोष्ट फार दिवस निरपेक्ष राहत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. थोडा बंदोबस्त करता येईल. गळ्यात ओळखपत्र असावं ते रुग्णालयाचं, कुणा प्रतिष्ठानचं नको. फोटो नाही, पैसा हातात घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही, वकिलाचं नाव सुचवायचं नाही, आणि त्याच गावातल्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस या कामात नको. एवढं करूनही काही जण घसरतील. पण पुढारी आणि दलाल त्या आवारात आजही आहेतच. जागा रिकामी ठेवली म्हणून ते येत नाहीत असं झालेलं नाही. रिकामी आहे म्हणूनच ते तिथं बसलेत.

मोठी आपत्ती आली की आपल्याला हे सगळं सुचतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बोळवलेले होते, आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गाडली गेली. तिथं रीतच गाडली गेली होती. सावडायला घरात कुणी उरलं नव्हतं, प्रेतं एकत्र जाळावी लागली. मग देशभरातून माणसं आली. समाजसेवक शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे २००९ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीतल्या मनोसामाजिक आधाराबद्दल मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण धर्मापुरीच्या एका घरात एक माणूस अकस्मात गेला, तर त्या घरापुरती ती किल्लारीच असते, आणि तिच्यासाठी कुठलंच मार्गदर्शक तत्त्व नाही. इथं आपत्तीची व्याख्या मृतांच्या संख्येवर ठरते.

शेवटी कुणी असंही विचारतं, की एकच दिवस का? घर तर वर्षभर कोसळत असतं. मला वाटतं, मर्यादा हाच या कामाचा कणा आहे. गाडी गावात वळली, घरातल्या बायकांचा आवाज उठला, माणसं प्रेत उतरवून घ्यायला पुढे झाली, की सोबत करणाऱ्यानं मागं सरायचं. आता तिथं वडीलधारी आहेत, महाराज आहेत, कडू घास घेऊन आलेली शेजारीण आहे. त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं मानणारा स्वयंसेवक त्या घराचं नुकसान करतो. मात्र या नियमाला मी एक अपवाद ठेवतो. शेतकऱ्याची आत्महत्या असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. जमीन नावावर होती का, कर्ज कुणाचं होतं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून समिती ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यांतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर एक कागद. जमीन सासऱ्याच्या नावावर होती, किंवा कर्ज सावकाराचं होतं आणि त्याची चिठ्ठी नव्हती, एवढंच कारण असतं. पण घरात त्या शब्दाचा अर्थ, तो कशासाठी मेला तेही सरकारनं मान्य केलं नाही, असा होतो. तोवर तेरावा होऊन गेलेला असतो, पाहुणे गेलेले असतात, रीत संपलेली असते. त्या दिवशी पुन्हा कुणीच नसतं. म्हणून समितीच्या बैठकीची तारीख तहसीलात विचारून वहीत लिहून ठेवायची, आणि कागद घरी पोचेल त्या दिवशी एक फोन करायचा. शक्य असेल तर जायचं, पण संध्याकाळच्या आत, कारण कागद वाचून दाखवायला पोरगं शाळेतून साडेपाचला येतं.